ठिणगी अडली कोठे?

ऑक्टोबरची छाटणी होऊन घड दिसू लागलेले असावेत आणि नेमके आभाळ भरून यावे, म्हणजे तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागाईतदाराची झोप उडते. पाऊस उघडला रे उघडला, की केवड्याची म्हणजे डाऊनीची फवारणी झालीच पाहिजे. पण बाग ओली असली की ट्रॅक्टर आत घालता येत नाही, चाके रुततात. अशा वेळी कामी येतो तो पाठीवरचा, पेट्रोलवर चालणारा पंप.

आमच्या शेजारच्या तात्यांचा हा पंप अशाच एका पहाटे रुसून बसला. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. मुलाने कार्ब्युरेटर खोलून पोत्यावर मांडला, त्यातला एक बारीक स्क्रू चिखलात हरवला. शेवटी पंप मोटारसायकलवर बांधून तालुक्याला नेला. तेथे "कॉइल गेली" असे ऐकायला मिळाले. नवी कॉइल बसली, खिसा हलका झाला. पंप दुकानापुढे चालला आणि बागेत येऊन पुन्हा बंद पडला! दुसऱ्या दिवशी उलगडा झाला, की कॉइल बिचारी धडधाकट होती. दोष होता काजळीने भरलेल्या प्लगात. दीड दिवस गेला, आणि तेवढ्यात सखल भागातल्या ओळींत घडांवर केवडा उतरला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हेच.

"पण आम्हांला कसे कळावे? यंत्र काही बोलत नाही," तात्या म्हणाले.

"तात्या, यंत्र बोलते. आपण आधी प्लग काढून बघत नाही, एवढेच," मी म्हणालो. शेतकरी बंधू-भगिनींनो, आज त्याच गोष्टीचा विचार करू. ठिणगी पडते कशी आणि पडेनाशी झाली तर शोध कोठून घ्यायचा, एवढे घरात एकाला जरी ठाऊक असले, तरी असा दीड दिवस वाचतो.

प्रथम एक शंका दूर करू. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला प्लग का नसतो? आपल्या सांगली जिल्ह्याला इंजिन आणि पंप नवीन नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून या भागातल्या पिढ्यान् पिढ्या लोखंडात हात काळे करून शहाण्या झाल्या. पुढे १९४६ साली किर्लोस्करांचीच ऑइल इंजिनांची कंपनी पुण्याला निघाली, आणि पाणी उपसणारे डिझेल इंजिन घरोघर माहीत झाले. या इंजिनात पिस्टन हवेला इतके दाबतो, की तिची जागा पंधरा-वीस पटींनी कमी होते. सायकलचा पंप जोराने मारला की खालून तापतो, तशी ही हवा दाबामुळेच तापते, आणि इतकी तापते की डिझेलचा फवारा आत येताच आपोआप पेटतो. म्हणून त्याला ठिणगीची गरज नाही.

पेट्रोल इंजिनाचे तसे नाही. त्यात पेट्रोल आणि हवा आधीच मिसळून आत येतात आणि दाब त्या मानाने कमी, साधारण आठ-दहा पट असतो. हे मिश्रण आपोआप पेटू द्यायचे नसते, ठरल्या क्षणीच पेटवायचे असते. हा क्षण साधण्याचे काम प्लगचे. पाठीवरच्या टू-स्ट्रोक पंपाचे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर ठिणग्याही ६,००० पडतात, म्हणजे सेकंदाला १००! आपली पापणी लवते न लवते तोच कितीतरी ठिणग्या पडून गेलेल्या असतात.

आता खरी अडचण पाहा. मोटारसायकलची किंवा मोटारीची बॅटरी असते १२ व्होल्टची. तिच्या दोन तारा जवळजवळ धरल्या, तरी वीज मधल्या हवेतून उडी मारत नाही. प्लगच्या टोकांतली फट असते जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. पण दाबलेल्या मिश्रणातून तेवढी फट ओलांडायलाही दहा-वीस हजार व्होल्टचा जोर लागतो. १२ व्होल्टचे वीस हजार करायचे कसे? हे काम कॉइलचे.

कॉइलचे मर्म समजायला नदीकाठचा शेतकरी कोणाहून कमी नाही. कृष्णेवर किंवा वारणेवर मोटार बसवून दोन-तीन हजार फूट पाइपलाइन टाकणाऱ्याला एक अनुभव हमखास असतो. पाणी जोरात वर चाललेले असते आणि अचानक लाइट जाते. पाणी उलटे फिरून खालच्या झडपेवर आदळते, "धाड" असा आवाज होतो, आणि पाइप कच्चा असेल तर फुटतो. मोटारीचा नेहमीचा दाब एवढा नव्हता. मग हा दणका आला कोठून? वाहते पाणी एकाएकी अडले, त्यातून तो आला.

कॉइलमध्ये विजेचा असाच दणका काढतात. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे असतात. त्यांतून बॅटरीची वीज वाहते आणि गाभा लोहचुंबक बनतो. त्याच गाभ्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात, जाड तारेच्या सुमारे शंभर पट. नेमक्या क्षणी जाड तारेतली वीज तोडतात. चुंबकत्व एकदम कोसळते. त्या धक्क्याने जाड तारेतच काही शे व्होल्ट उठतात, आणि बारीक तारेत वेढ्यांच्या हिशेबाने त्याच्या शंभर पट, म्हणजे वीस-तीस हजार व्होल्ट. म्हणजे गंमत अशी, की ठिणगी वीज दिल्याने पडत नाही, वीज तोडल्याने पडते. बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले. घरात दहावीची मुलगी असेल तर तिला विचारा, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे आहे.

पूर्वी वीज तोडण्याचे काम पॉइंट करीत. साताऱ्याला १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांची ती भागीदारी. तिची प्रिया स्कूटर ज्यांनी चालवली, त्यांना पॉइंट घासणे म्हणजे काय ते सांगायला नको. सकाळी स्कूटर आडवी करायची, किक मारायची, नाहीच जमले तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. डिकीत एक जादा प्लग आणि प्लगपाना नसेल, तर तो माणूस नवखा समजावा! आता प्रिया बनत नाही आणि पॉइंटही गेले. वीज तोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक वस्तूकडे आले. पुष्कळ मोटारसायकलींत सीडीआय असते. तिची तऱ्हा थोडी निराळी आहे. ती वीज आधी साठवते आणि मग एका झटक्यात कॉइलमध्ये सोडते. पण झटक्याशिवाय ठिणगी नाही, हे सूत्र तेच. नव्या मोटारींत तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते.

पाठीवरच्या पंपाला बॅटरीच नसते, मग त्याला वीज कोठून मिळते? त्याच्या फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक बसवलेले असते. दोरी ओढली की ते कॉइलजवळून सपकन जाते आणि कॉइलमध्येच वीज तयार होते. याला मॅग्नेटो म्हणतात. जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार झाला, त्याच वंशातला हा. दोरी हळू ओढली तर ठिणगी पडत नाही, ती याचमुळे. चुंबक वेगाने गेले तरच जोर येतो.

आता प्लगकडे वळू. मधोमध एक दांडी, तिच्याभोवती पांढरी चिनी माती, बाहेर आट्यांचे लोखंड आणि त्याला वाकवलेले एक टोक. चिनी माती विजेला अडवते, म्हणून विजेला फटीतून उडी मारण्यावाचून गत्यंतर नसते. पण या चिनी मातीवर काजळी बसली की काय होते? काजळीतून वीज वाहू शकते. पाटाला उंदराने बीळ पाडले की पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, तशी वीज काजळीतून गळून जाते आणि फटीत ठिणगी पडत नाही. कॉइल उत्तम, प्लगही फुटलेला नाही, तरी इंजिन ढिम्म. तात्यांचे झाले ते हेच.

प्लग काढला की त्याचा रंग वाचावा. फिकट विटकरी किंवा तांबूस असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडते. एअर फिल्टर धुळीने बुजला असेल किंवा चोक ओढलेलाच राहिला असेल. काळा आणि तेलकट असेल तर टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल जास्त पडते आहे. पांढराफटक असेल तर इंजिन फाजील तापते आहे, ते कारागिराला दाखवावे. तात्या ऑइल अंदाजाने ओतत, "थोडे जास्त पडले तर इंजिनाला बरेच" म्हणून. पुस्तिकेत दिलेले प्रमाण मापानेच घालावे. जास्त ऑइलही बाधते.

इंजिन सुरू होत नसेल, तर या क्रमाने जावे.

पहिले, बंद करण्याचे बटण चालूवर आहे ना, हे पाहावे. हसू नका, पुष्कळदा दोष येथेच सापडतो. त्या बटणाची तार सोलून इंजिनाच्या लोखंडाला टेकली असेल, तरीही ठिणगी पडत नाही.

दुसरे, प्लग काढावा. त्याआधी पेट्रोलचा कॅन दहा पावले दूर ठेवावा, टाकीचे झाकण घट्ट लावावे, सांडलेले पेट्रोल पुसून ते वाळू द्यावे. विडी-काडी जवळ नको. हात औषधाचे असतील तर आधी साबणाने धुवावेत.

तिसरे, प्लग पुन्हा टोपीत बसवून त्याचा आट्यांचा भाग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवावा, पण प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती ठिणगीने पेटू शकते. प्लग उघड्या हाताने धरू नये, रबरी मुठीच्या पकडीने धरावा. हृदयाला पेसमेकर बसवलेला आहे अशा माणसाने या कामाजवळ थांबूच नये. मग दुसऱ्याने दोरी जोरात ओढावी. निळी, तडतडणारी ठिणगी दिसली तर वीज ठीक, दोष पेट्रोलमध्ये किंवा हवेत शोधावा. पिवळी, मलूल दिसली किंवा दिसलीच नाही, तर त्याच मापाचा नवा प्लग लावून पुन्हा पाहावे.

चौथे, नव्या प्लगनेही ठिणगी नसेल तर टोपी सैल झाली आहे का, तार चिरली आहे का, हे पाहावे. मग फ्लायव्हील आणि कॉइल यांच्यातली फट पाहावी. ती साधारण पोस्टकार्डाच्या जाडीची असते. पावसाळाभर पंप कोपऱ्यात पडून राहिला, तर तेथे गंज चढतो.

आणि कॉइलचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. ती सर्वांत महाग वस्तू, म्हणून तीच आधी बदलू नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ही परीक्षा पंपासारख्या साध्या इंजिनाची. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा मोटारसायकलींवर आणि नव्या मोटारींवर हा प्रयोग करू नये. त्यांत इंजिनाचा कारभार छोट्या संगणकाकडे असतो. चालू इंजिनावर प्लगची टोपी ओढली, तर कॉइल आणि तो संगणक दोन्ही बिघडण्याचा संभव असतो. त्यांना जाणत्या कारागिराकडेच न्यावे.

तात्यांनी आता पंपाच्या खोक्यात एक नवा प्लग, एक प्लगपाना आणि ऑइलचे माप ठेवले आहे. हंगाम संपला की टाकीतले पेट्रोल काढून ठेवतात. आजच्या पेट्रोलमध्ये आपल्याच उसाच्या मळीपासून झालेले इथेनॉल मिसळलेले असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. गेल्या छाटणीनंतर पंप पुन्हा एकदा पहाटे अडला. या खेपेला कार्ब्युरेटर कोणी खोलला नाही. सूनबाईंनी बॅटरी धरली, तात्यांनी प्लग काढून पाहिला, बदलला, आणि दिवस उगवायच्या आत फवारणी सुरू झाली.

ठिणगी चांगली असून इंजिन चालत नसेल, तर दोष पुढच्या घरी, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये. त्याची हकिकत पुढच्या खेपेला सांगू. तोवर आपल्या पंपाचा प्लग एकदा काढून त्याचा रंग पाहून ठेवा.