शकुंतलेचे इंजिन आणि खातेवहीतला तोटा

आमच्या रिसोडला रेल्वे नाही. कधीच नव्हती. लहानपणी आगगाडी पाहायची म्हणजे एस.टी.त बसून वाशीम गाठायचे आणि मीटरगेजच्या फलाटावर तोंड उघडे टाकून उभे राहायचे. त्यामुळे नोकरीत दारव्ह्याला बदली झाली आणि घराच्या खिडकीतून रोज एक गाडी दिसू लागली, तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखे वाटले. ती गाडी म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची 'शकुंतला'.

अडीच फुटांचा रूळ. त्यावर काळेकुट्ट, बुटके, झेडी जातीचे वाफेचे इंजिन. 1921 साली मँचेस्टरला तयार झालेले, 1923 साली या मार्गावर आलेले. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवून मुंबई बंदराकडे पाठवायचा, यासाठी ही वाट विसाव्या शतकाच्या आरंभी बांधली गेली. त्या कापसाला ओढणारे इंजिनही मँचेस्टरहूनच यावे, यात इंग्रजांचा हिशेब किती पक्का होता ते दिसते. कापूसही आपला, भाडेही आपण द्यायचे, आणि इंजिनाची किंमतही त्यांच्याच गावी!

स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्या. ही वाट मात्र राहून गेली. मालकी किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, गाडी चालवणार मध्य रेल्वे, आणि कंपनीला मोबदला देणार सरकार. बँकेत मी अशी खाती पाहिली आहेत. जमीन एकाच्या नावे, पीक दुसऱ्याचे, कर्ज तिसऱ्याच्या डोक्यावर. अशा शेताच्या बांधावर कोणी माती टाकत नाही. मालक म्हणतो, चालवणाऱ्याने करावे. चालवणारा म्हणतो, मालकाने करावे. या वाटेचे रूळ, स्लीपर आणि खडी यांचे नेमके हेच झाले.

दारव्ह्याला मी सर्वांबरोबर इंजिनालाच नावे ठेवली, हे आज कबूल करतो. गाडी रखडली की आम्ही म्हणायचो, 'म्हातारी दमली.' पांढऱ्या सदऱ्यावर कोळशाची कणी पडली की शिव्या त्यालाच. 15 एप्रिल 1994 रोजी ते इंजिन काढून डिझेलचे जोडले गेले, तेव्हा शाखेत आम्ही पेढे वाटले होते. शिपाई तेवढा गप्प होता. त्याचा बाप इंजिनावर फायरमन होता.

पुढे काय झाले? डिझेल आले, धूर गेला, पण वेग वाढला नाही. कसा वाढणार? जिथे रूळच सैल, तिथे ड्रायव्हरला वेग आवरूनच गाडी न्यावी लागते. पुढे वाफ असो की डिझेल. तोट्यातल्या शाखेत मॅनेजर बदलावा आणि थकलेली कर्जे तशीच ठेवावीत, तसला हा प्रकार. सत्तर वर्षे ओझे ओढणाऱ्या त्या इंजिनावर आम्ही खोटा आळ घेतला.

मग 'तोटा' हा शब्द आला. तोटा म्हणजे काय, हे बँकेच्या माणसाला विचारावे. खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, यावर निम्मा तोटा ठरतो. शकुंतलेच्या शेवटच्या काळात तर गार्डच स्थानकावर तिकिटे देत असे. नोकर कमी केले, फेऱ्या कमी केल्या, आणि मग प्रवासी कमी झाले म्हणून नोंद केली. 2016 साली ब्रॉडगेजची घोषणा झाली. पुढे जुनी गाडी थांबली. नवी अजून आलेली नाही.

आता काहीजण म्हणतात, नेरळ-माथेरानसारखी हौशी प्रवाशांची गाडी करा, वाफेचे इंजिन रंगवून पुढे लावा. मला हे पटत नाही. माथेरानला डोंगर आहे, मुंबई जवळ आहे. कारंजा-दारव्ह्याच्या उन्हात हौसेने कोण येणार? आणि आले तरी, ज्या बाईची मेथीची टोपली त्या डब्यात आडवी पडून असायची, तिला त्याचा उपयोग काय? रंगवलेले इंजिन चौकात उभे करून हार घालणे तर त्याहून सोपे. ते आपण करूच. माझी मागणी निराळी आहे. ब्रॉडगेजच्या कामाला दर वर्षी किती पैसा मंजूर झाला आणि त्यातला किती खर्च पडला, एवढे दोन आकडे कारंजा आणि दारव्ह्याच्या स्थानकावर, जिथे पूर्वी भाड्याचा तक्ता असे, तिथे लिहून लावावेत.

कोणी म्हणेल, रिसोडच्या माणसाला एवढी उठाठेव कशाला? त्याच्या गावाला तर साधा रूळही नाही. म्हणूनच. कारंजा आमच्याच वाशीम जिल्ह्यात आहे. त्याच्याकडे होती ती गाडीही गेली, तर आम्ही कोणत्या तोंडाने नवी मागायची?

गेल्या वर्षी कारंज्याच्या बसस्थानकावर एक म्हातारी भेटली. 2023 पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, त्याबद्दल ती खूश होती. 'पण बाप्पा,' म्हणाली, 'कंडक्टर टोपलं वर घेऊ देत नाही ना.'