दिवे आठ लावा, पण झाका!

अमेरिकन माणसाला गाडीची जेवढी हौस, त्याहून जास्त हौस गाडीला काहीतरी चिकटवायची. जीप नाहीतर पिकअप घ्यायची, मोठे टायर बसवायचे आणि टपावर दिव्यांची रांग लावायची. कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात रात्री गाडी घातली की ही हौस निव्वळ दिखाऊ नाही हे पटतं. तिथे रस्ता म्हणजे वाळू, धोंडे आणि कोरड्या ओढ्यांची पात्रं. नेहमीचे हेडलाइट तिथे खरंच तोकडे पडतात.

ही हौस आता आपल्याकडेही थार, स्कॉर्पिओ आणि बुलेटवर चढून बसली आहे. त्याबद्दल मायदेशातून विचारणा होते ती मात्र एकच : "किती वॅटचे घेऊ?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. दिवा कुठलाही घ्या हो. वायर कुठली, फ्यूज कुठे आणि तो दिवा विझतो कधी, हे आधी विचारा.

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याने नेमकं हेच विचारलं आहे. त्यातलं २४४११ क्रमांकाचं कलम वाचण्यासारखं आहे. रस्ता सोडून चालवण्यासाठी गाडीला आठपर्यंत जादा दिवे लावा म्हणतं. आठ! पण त्यांची वायरिंग बाकी सगळ्या दिव्यांपासून स्वतंत्र हवी, आणि गाडी सार्वजनिक रस्त्यावर आली की ते दिवे बंद हवेत, शिवाय अपारदर्शक झाकणाने झाकलेले हवेत. जीपच्या टपावर हसरा चेहरा छापलेली पिवळी झाकणं दिसतात ना, ती नुसती शोभा नव्हे. रस्त्यावर वापरायचे जादा दिवे वेगळे. ते फक्त दोन, जमिनीपासून १६ ते ४२ इंचांच्या दरम्यान, आणि लो बीमबरोबर लागता कामा नयेत. म्हणजे डिपर मारला की विझलेच पाहिजेत.

आता आपल्याकडे या. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १११ वा नियम म्हणतो की गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायचाच नाही. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी अधिकाऱ्याच्या आगाऊ परवानगीने काय ते. झालं, विषय संपला! जे मुळातच लावायचं नाही, ते नीट कसं लावायचं हे कोण सांगणार? मग कागदावर बंदी आणि रस्त्यावर मोकळं रान. दुकानात दिवा मिळतो, कोपऱ्यावरचा वायरमन अर्ध्या तासात तो जोडून देतो आणि नियम बिचारा पुस्तकात झोपलेला असतो. कॅलिफोर्निया हौस मान्य करतं आणि जबाबदारी मागतं. आपण हौस नाकारतो, म्हणून जबाबदारी मागायची सोयच उरत नाही.

या अर्ध्या तासाच्या कामाचा हिशेब बघू. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर ओढतात. बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या बटणापर्यंत आणि तिथून परत दिव्यांपर्यंत पाऊण चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर धरा. त्या वायरीतच जवळजवळ एक व्होल्ट खर्च होतो. हॅलोजनचं व्होल्टेज ८ टक्क्यांनी घटलं की उजेड साधारण पाव हिश्शाने घटतो. म्हणजे पैसे दिले पूर्ण दिव्याचे आणि उजेड मिळाला पाऊण! मग गडी म्हणतो, "१०० वॅटचे टाकू." आता प्रवाह १६ अँपिअर. वायर पिळून काळी टेप गुंडाळलेल्या एखाद्या सैल जोडाचा रोध ०.१ ओहम भरला, तर त्या एका बिंदूवर २५ वॅटची उष्णता. घरातला साधा सोल्डरिंग आयर्न तेवढाच असतो. तो चालू करून कोणी डॅशबोर्डमागे ठेवून देईल का?

यावरचा उपाय काही रॉकेट विज्ञान नाही. चार पिनांचा रिले घ्या. त्यावरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे पुण्यातही तेच आणि फिनिक्समध्येही तेच. बॅटरीकडून जाड वायर ३० ला, ८७ वरून दिव्यांना, आणि ८५-८६ ही नुसती कॉइल. तिला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, त्यामुळे बटणापर्यंत बारीक वायर पुरते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, कारण फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. तो दिव्याजवळ बसवला तर अलीकडची सगळी वायर उघडी पडते, आणि ती कुठे पत्र्याला घासली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. आगीला अजून काय हवं?

"अहो, पण इथे समोरचा प्रत्येक जण हाय बीमवर असतो, मग मीच का शहाणपणा करू?" हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६ मीटरहून जास्त जाते. दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद जरी धरले, तरी ५० मीटर तो माणूस आंधळा. वरंध्यासारख्या घाटात तो आंधळा ५० मीटर कुठे जाणार? एकतर दरीत, नाहीतर तुमच्याच अंगावर. समोरच्याला आंधळं करून आपण सुरक्षित होतो, हे कुठलं गणित? ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाईट' लिहिणाऱ्या पेंटरला हे आपल्या आधी कळलं होतं.

आणि अमेरिकेत सगळे साधुसंत आहेत असंही समजू नका. एलईडीची लांब पट्टी पिकअपवर लावून, झाकणबिकण विसरून, वस्तीतून मिरवणारे महाभाग इथेही आहेत. फरक एवढाच की नियम स्पष्ट असल्यामुळे पोलिसाला त्यांच्याशी वाद घालत बसावं लागत नाही.

असो. नियम बदलायचा तेव्हा बदलेल. तोवर वायरमनच्या हातावर पैसे ठेवण्याआधी तीन गोष्टी बघा. फ्यूज बॅटरीजवळ आहे का, मध्ये रिले आहे का, आणि डिपर मारला की जादा दिवे विझतात का. एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर दिवे काढून पुन्हा खोक्यात भरा आणि घरी आणा.