ठावठिकाणा कुणाला, किती वेळ?



या खेपेच्या टपालातली तीन पत्रं मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. तिन्ही आपल्या कर्जत-खालापूर भागातली आहेत, आणि तिन्हींत विचारलं आहे ते एकच : फोनवर माणूस कुठे आहे हे दाखवणारी जी ॲप्स हल्ली घरोघर आली आहेत, त्यांतलं चांगलं कुठलं?

कर्जतच्या भगिनी लिहितात, "मुलगी ठाण्याला कॉलेजात जाते. संध्याकाळी निघाली की व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन लावते. परवा तिचा ठिपका वांगणीच्या पुढे हलेचना. पाऊण तास आम्ही सगळे त्या ठिपक्याकडे डोळे लावून बसलो. तिचे बाबा स्कूटर काढून निघालेसुद्धा, आणि इकडे मुलगी दारात हजर! याहून खात्रीचं ॲप कुठलं?"

खोपोलीहून पत्र आहे, "ताई, लग्नाला सहा वर्षं झाली. यजमानांनी माझ्या फोनवरून गुगल मॅप्समध्ये माझं लोकेशन कायमचं स्वतःकडे लावून घेतलं आहे. त्यांचं मात्र मला दिसत नाही. दळण टाकून येताना मैत्रिणीकडे पाच मिनिटं टेकले तरी फोन येतो, 'तिथे काय करतेस?' काळजीपोटी विचारतो, म्हणतात. बंद करा म्हटलं तर वाईट दिसेल का? की दुसरं एखादं बरं ॲप आहे?"

आणि चौकच्या एक आई विचारतात, "मुलगा अकरावीत आहे. स्नॅपचॅटच्या नकाशावर त्याचे सगळे मित्र दिसतात, तोही त्यांना दिसतो. यात काही धोका आहे का? त्यापेक्षा सुरक्षित असं काय आहे?"

तिघींनाही आधी एक सांगते. कुकर घेताना आपण शिट्टी, झाकण, रबर बघतो, तसं इथे ॲपचं रंगरूप बघून भागत नाही. तीन प्रश्न विचारायचे. माझा ठिकाणा कुणाकुणाला दिसतो? किती वेळ दिसतो? आणि मला दिसतो तसा त्यांचाही मला दिसतो का? या तीन प्रश्नांची उत्तरं ज्याची चोख, ते ॲप आपल्या कामाचं.

हे आलं कुठून?

माणसं नकाशावर दाखवायची कल्पना तशी नवी नाही. गुगलनं २००९ साली 'लॅटिट्यूड' नावाची सोय काढली होती, ती २०१३मध्ये बंद केली. २००९मध्येच अमेरिकेत 'फोरस्क्वेअर' निघालं. हॉटेलात किंवा दुकानात गेलं की 'मी इथे आहे' अशी नोंद करायची, आणि ज्याच्या नोंदी जास्त तो त्या जागेचा 'मेयर'! लोकांना त्याचं फार वेड लागलं होतं. २०१०च्या फेब्रुवारीत नेदरलँड्सच्या तिघा तरुणांनी एक वेबसाइट काढली. लोकांनी स्वतः होऊन जाहीर केलेल्या अशाच नोंदी त्यांनी एका यादीत मांडल्या. अर्थ एवढाच की, ही माणसं आत्ता बाहेर आहेत, म्हणजे घराला कुलूप आहे. चोरांना मदत करायचा त्यांचा हेतू नव्हता. लोकांचे डोळे उघडावेत, इतकंच.

आपल्याकडे लग्नाला गावी जाताना शेजारणीला हळूच सांगायची रीत आहे, "दोन दिवस नाही, लक्ष ठेवा." आपण ते चौकात ओरडून सांगत नाही. पण माथेरानच्या मिनीगाडीत बसल्याबसल्या जागेच्या नावासकट फोटो टाकतो, तेव्हा नेमकं तेच करतो. फोटो जरूर टाका. पण घरी परतल्यावर टाका.

कुठलं ॲप काय करतं?

व्हॉट्सॲप : लाइव्ह लोकेशनची सोय २०१७च्या ऑक्टोबरात आली. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास, एवढीच मुदत ठेवता येते. मुदत संपली की ठिपका आपोआप बंद. मधेच बंद करायचा तर तेही आपल्या हातात. मात्र एक सांभाळा. 'फॅमिली' ग्रुपवर लावलंत तर ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतं. त्या ग्रुपात जावेच्या भावापासून लग्न जमवणाऱ्या मामांपर्यंत चाळीस जण असतात! तेव्हा एकाच माणसाला पाठवा. शिवाय 'करंट लोकेशन' निराळं. ती एका क्षणाची जागा. आपण पुढे गेलो तरी ती तिथेच राहते. रिक्षावाल्याला घर दाखवायला तेवढं पुरे.

गुगल मॅप्स : यातही मुदत ठेवता येते, पण 'मी बंद करेपर्यंत' असाही पर्याय आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. एकदा लावलं की महिनोन् महिने चालू राहतं आणि आपण विसरून जातो. ज्याला लोकेशन दिलं त्याला आपल्या फोनची बॅटरी किती उरली आहे तेही दिसतं. एकट्या राहणाऱ्या वयस्कर आईवडिलांसाठी ही सोय उत्तम. सुनेवर नजर ठेवायला मात्र नव्हे.

स्नॅपचॅट : यातला नकाशाही २०१७चाच. चौकच्या आईंनी मुलाजवळ बसून दोन गोष्टी बघाव्यात. एक, त्याच्या यादीत किती 'मित्र' असे आहेत, ज्यांना त्यानं प्रत्यक्ष कधी पाहिलेलंच नाही. दोन, नकाशा सर्व मित्रांसाठी खुला आहे, की निवडक चार जणांसाठी. त्यात 'घोस्ट मोड' नावाचं बटण आहे. ते लावलं की आपण मित्रांच्या नकाशावरून गुप्त होतो. मुलाच्या हातून फोन ओढून घेऊन बटण दाबू नका. त्यालाच दाबायला सांगा. चार खऱ्या दोस्तांपुरता नकाशा राहू द्यायला हरकत नाही.

खास कुटुंबासाठी म्हणून काढलेली परदेशी ॲप्सही आहेत, त्यांतलं 'लाइफ३६०' प्रसिद्ध. २०२१च्या डिसेंबरात उघड झालं, की ही कंपनी लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती बाहेर विकत होती. पुढे कंपनीनं नेमक्या जागांची विक्री थांबवायचं जाहीर केलं. सांगायचं कारण, 'कुणाला दिसतो' या प्रश्नाच्या उत्तरात ॲप चालवणारी कंपनीही धरायची असते.

ठिपका अडकतो तेव्हा

आता कर्जतच्या भगिनींचा प्रश्न. ॲप बदलून त्यांचं काम होणार नाही, कारण गोम ॲपमध्ये नाही.

फोनला आपली जागा कळते ती उपग्रहांवरून. हे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचावर असतात आणि तिथून फक्त खुणा पाठवतात. त्यावरून फोन स्वतःची जागा काढतो, त्याला इंटरनेट लागत नाही. पण ती जागा आईच्या फोनवर पोचवायला मात्र इंटरनेट लागतं. म्हणजे पत्र लिहून झालं, पण टपालपेटीच सापडली नाही, अशातली गत. वाटेत कुठे रेंज गेली, फोन दप्तरात तळाशी गेला, बॅटरी वाचवायची सोय चालू झाली आणि फोननं मागच्या मागे ॲप झोपवलं, की ठिपका थांबतो. मुलगी पुढे गेलेली असते.

तेव्हा ठिपका हलला नाही तर आधी त्याच्याजवळची वेळ वाचा. 'इतक्या मिनिटांपूर्वी' असं लिहिलेलं असतं. ती वेळ जुनी असेल तर तो ठिपका बातमी देत नाही, शिळी खबर देतो.

दुसरं, मुलगी कुठे आहे हे बघण्याआधी गाडी कुठे आहे ते बघा. २०२२पासून मध्य रेल्वेच्या 'यात्री' ॲपवर लोकल नकाशावर दिसते. मुंबईच्या सचिन टेके यांनी केलेल्या 'एम-इंडिकेटर'वर वेळापत्रक तर आहेच, पण प्रवासी आपसांत बोलतात तेही वाचता येतं : कुठली गाडी अडकली, कुठे रखडली. बदलापूरच्या पुढे गाडीच उभी असेल, तर मुलीच्या ठिपक्यानं काय करावं? खोपोलीकरणींना हे आणखी कामाचं. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत जाणारी गाडी एकदा चुकली की पुढचीसाठी ताटकळावं लागतं. उशीर म्हणजे संकटच असं नव्हे, हे घरातल्या सर्वांना माहीत असलेलं बरं.

तिसरं, मुलीशी आधीच ठरवून ठेवा. नेरळ आलं की एक शब्द पाठवायचा, 'नेरळ'. ठरल्या वेळेनंतर अमुक मिनिटं वाट बघायची, मग फोन, मग तिच्या सोबतच्या मैत्रिणीला फोन, आणि तरीही पत्ता नसेल तर ११२. हा क्रम कागदावर लिहून फ्रिजवर लावा. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, वाचता येतं.

डोंगराची गोष्ट वेगळी

पावसाळ्यात मुलं खांडसहून गणेश घाटानं किंवा शिडी घाटानं भीमाशंकरला जातात, पेठच्या किल्ल्यावर जातात. तिथे लाइव्ह लोकेशनच्या भरवशावर राहू नका. निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायला सांगा, तो रेंजशिवाय चालतो. बॅटरी राखून ठेवायला सांगा. आणि कोण कोण जाणार, कुठल्या वाटेनं जाणार, किती वाजता खाली येणार, हे कागदावर लिहून घरी ठेवायला लावा.

आपल्या खालापूर तालुक्यानं याहून मोठा धडा पाहिला आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी कुठे आहे हे सर्वांना ठाऊक होतं. पण गाडीरस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावं लागलं, यंत्रं वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. जागा कळणं आणि तिथे वेळेवर पोचणं, यांत केवढं अंतर आहे ते आपण विसरता कामा नये.

खोपोलीच्या भगिनीस

आता तुमच्याविषयी. काळजी आणि पहारा दिसायला सारखेच असतात. ओळखायची खूण अशी : काळजी माणूस सुखरूप पोचला की संपते, पहारा संपत नाही. रात्री उशिरा एकट्या येताना यजमानांनी तुमची वाट नकाशावर पाहिली, तर ती काळजी. गिरणीजवळची पाच मिनिटं मोजली, तर ती काळजी नव्हे.

बंद करा म्हणण्यात वाईट दिसण्यासारखं काही नाही. पण भांडणाच्या भरात नको, चहाच्या वेळी बोला. म्हणावं, "कायमचं बंद करू या. मी उशिरा निघेन तेव्हा तासाभरासाठी लावीन. तुम्ही रात्री गाडी घेऊन घाट उतरता, तेव्हा तुम्हीही मला लावा. मलाही काळजी असते." आपल्यावरही तीच वेळ आली की पुष्कळ यजमानांना गोष्ट लवकर पटते, असा अनुभव आहे.

सासूबाई समजूतदार असतील तर त्यांनाही बोलण्यात घ्या. आणि एवढं मनाशी पक्कं असू द्या, की ही काही तुमची हौस नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. तो लग्न झालेल्या बाईलाही लागू आहे. बाईचा पाठलाग करणं, तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणं, या गोष्टी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये येतात. घरात हा विषय काढायचीच भीती वाटत असेल, हात उगारला जात असेल, तर मात्र ठिपका एकाएकी बंद करू नका. त्यानं राग भडकू शकतो. आधी माहेरच्या किंवा विश्वासाच्या माणसाला सांगा, आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोला.

पुढच्या भिशीला करून पाहा

भिशीला जमाल तेव्हा अर्धा तास यासाठी ठेवा. पाच-सहा फोन शेजारी शेजारी मांडले, की कुठल्या ॲपची काय रीत आहे ते आपोआप कळतं.

१. गुगल मॅप्स उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवा आणि 'लोकेशन शेअरिंग' बघा. तिथे कुणाची नावं आहेत? अनोळखी नाव निघालं तर तिथल्या तिथे काढा. घरचं नाव निघालं तर आधी बोला, मग ठरवा.

२. फोनच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन'ची परवानगी कुठल्या ॲप्सना दिली आहे ते वाचा. टॉर्चच्या किंवा पंचांगाच्या ॲपला आपलं घर कशाला माहीत हवं? 'वापरताना फक्त' एवढीच परवानगी पुष्कळांना पुरते.

३. दोघींनी एकमेकींना व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांचं लाइव्ह लोकेशन लावा. एकीनं कोपऱ्यापर्यंत जाऊन यावं, आणि मग तिचं इंटरनेट बंद करून पुन्हा जावं. ठिपका कसा थिजतो ते एकदा डोळ्यांनी पाहिलंत, की पुढे जीव घाबरणार नाही.

४. लावलेलं बंद कसं करायचं, ते प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं करून बघावं. ज्या घराचा दरवाजा आतून लावता येतो, त्याच घरात निवांत झोप लागते.

सासूबाईंनाही सोबत घेऊन बसा. त्यांच्या फोनवरची परवानग्यांची यादी बहुधा सर्वांत लांब निघेल!

तुमच्या भिशीत काय निघालं ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात पावसाळ्यातल्या धान्याच्या किडीविषयी आलेल्या पत्रांना उत्तरं देईन.