दलाली त्यांची, नोटीस तुमची

बनावट वजावटींच्या आधारे प्राप्तिकराचे परतावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध प्राप्तिकर विभागाने जुलै २०२५ मध्ये देशभर पडताळणी मोहीम हाती घेतली. शोध व जप्तीची कारवाई झालेल्या राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या तेव्हाच्या निवेदनानुसार, आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. हे करदाते अशिक्षित नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्या, सार्वजनिक उपक्रम, सरकारी कार्यालये आणि शिक्षणसंस्थांतील नोकरदार त्यांत होते.

या धंद्याची रीत साधी आहे. न भरलेले घरभाडे, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी, न घेतलेले शैक्षणिक कर्ज विवरणपत्रात दाखवायचे आणि वाढीव परताव्यावर टक्केवारी घ्यायची. काही मध्यस्थांनी तर एकगठ्ठा विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते उघडले आणि नंतर ते सोडून दिले. परिणामी विभागाच्या नोटिसा करदात्यांनी वाचल्याच नाहीत.

येथे खरा प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. विवरणपत्रातील माहिती सत्य असल्याचे प्रतिज्ञापन करदाता करतो. ‘मला यातले काही ठाऊक नव्हते, सगळे एजंटने केले’ हा बचाव म्हणूनच फारसा टिकत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम २७० अ नुसार उत्पन्न कमी दाखवल्यास संबंधित कराच्या ५० टक्के, तर खोटी माहिती देऊन ते दडवल्यास २०० टक्के दंड होता. मूळ कर आणि व्याज वेगळेच.

मग मध्यस्थाचे काय? खोटे विवरणपत्र देण्यास दुसऱ्याला साह्य करणाऱ्यासाठी त्याच कायद्यात कलम २७८ होते आणि त्यात सक्तमजुरीची तरतूद होती. पण त्यासाठी खटला भरावा लागतो आणि मजकूर खोटा असल्याचे मध्यस्थाला ठाऊक होते हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. २०१७ मध्ये आलेल्या कलम २७१ जे ने चुकीच्या माहितीसाठी दहा हजार रुपयांचा दंड ठेवला, तोही सनदी लेखापाल, मर्चंट बँकर व नोंदणीकृत मूल्यांकनकार यांच्या अहवाल-प्रमाणपत्रांपुरता. गल्लीतल्या दुकानात विवरणपत्र भरून देणारा त्यात बसत नाही. सनदी लेखापालाला परिणामावर आधारित टक्केवारी घेण्यास १९४९ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे मज्जाव केला आहे आणि गैरवर्तनासाठी त्याची सनदही धोक्यात येते. ज्याच्याकडे सनदच नाही, त्याची काय काढून घेणार?

ही पोकळी भरण्याचा एक प्रयत्न २००६ मध्ये झाला होता. ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ योजनेत पदवीधरांना प्रशिक्षण व ओळख क्रमांक देण्यात आला आणि भरलेल्या विवरणपत्रावर सही करण्याचे बंधन घालण्यात आले. शुल्कालाही मर्यादा होती. मात्र योजनेबाहेरच्या माणसाला पैसे घेऊन हेच काम करण्यास मनाई नव्हती, आणि तिथेच ती लंगडी पडली. विवरणपत्राच्या नमुन्यांत या नोंदणीकृत व्यक्तीसाठी रकाना होता. बिननोंदणीच्या मध्यस्थाचा मात्र कागदावर मागमूस उरत नसे.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तेथे मोबदला घेऊन विवरणपत्र तयार करणाऱ्याला ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि सही करावी लागते. आधारहीन दाव्यामुळे कर कमी दाखवला गेल्यास त्याला एक हजार डॉलर किंवा त्या कामाच्या कमाईच्या निम्मी रक्कम, यांतील जी जास्त असेल तितका दंड होतो. मुद्दाम वा बेफिकिरीने केल्यास पाच हजार डॉलर किंवा कमाईच्या ७५ टक्के. तेथेही सारे आलबेल नाही. या व्यावसायिकांना परीक्षा सक्तीची करण्याचा कर खात्याचा प्रयत्न २०१४ मध्ये अपील न्यायालयाने रोखला आणि करदात्याची जबाबदारी तेथेही सुटत नाही. परंतु दंड मध्यस्थाच्या कमाईशी जोडण्याची कल्पना आपल्याकडे विचारात घेण्याजोगी आहे. टक्केवारीवर चालणाऱ्या धंद्याला टक्केवारीचाच दंड झोंबेल.

तूर्त करदात्याच्या हाती एवढेच आहे, की पोर्टलवर नोंदवलेला ई-मेल व मोबाइल क्रमांक आपलाच आहे ना, हे पाहावे आणि प्रत्येक वजावटीचा पुरावा स्वतःजवळ ठेवावा. चूक झालेली असल्यास अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने त्याची मुदत २४ वरून ४८ महिन्यांवर नेली. विलंबानुसार २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर मात्र मोजावा लागतो. मध्यस्थाला दिलेली दलाली परत मिळवून देणारी तरतूद प्राप्तिकर कायद्यात नाही.