पारायण नको, चर्चा हवी!

दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटतो. इतर यात्रांमधून लोक अंगारा, गंडे-दोरे आणि प्रसाद घेऊन परततात. आपला माणूस मात्र पदरमोड करून पुस्तक विकत घेतो आणि छातीशी धरून घरी नेतो. ग्रंथांना नीट जागा मिळावी म्हणून 'राजगृह' बांधणाऱ्या बापाची ही लेकरे आहेत. याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

परंतु प्रश्न त्याच्या पुढचा आहे. घरी नेलेल्या त्या पुस्तकाचे होते काय? अनेक घरांत ते बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी जाऊन बसते. त्याच्यापुढे मेणबत्ती लागते, अगरबत्ती लागते. पुस्तक मात्र उघडत नाही. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. उपक्रम स्तुत्यच आहे. पण एकाने वाचायचे, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचे, शेवटी खीरदान करून घरी जायचे, एवढ्यावरच तो थांबत असेल तर पोथीच्या सप्ताहात आणि आपल्या वर्षावासात फरक तो कोणता?

ज्या ग्रंथाचे आपण असे पारायण करतो, त्याच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी काय केले आहे ते पाहा. त्यांनी चार प्रश्न उभे केले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, चार आर्यसत्ये मूळ शिकवणीतलीच आहेत काय, आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्माचा अर्थ काय, आणि भिक्खू संघ कशासाठी? हे प्रश्न मांडून त्यांनी वाचकांनाही त्यांची उत्तरे शोधण्यास बोलावले आहे. म्हणजे ग्रंथकर्ता स्वतः आपल्याशी चर्चा करू इच्छितो आणि आपण त्याला फक्त नमस्कार करतो! तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका. मी वकिली करतो. कोर्टात कागद दाखल झाला म्हणजे तो सिद्ध झाला असे होत नाही. तो शाबित करावा लागतो, त्यावर उलटतपासणी होते, तेव्हा त्याला मोल येते. पुस्तकाचेही तसेच आहे.

ही चर्चा केवळ धम्मग्रंथांपुरती राहू नये. आजच्या काळात आपल्याच माणसांनी लिहिलेली पुस्तकेही विहारात आली पाहिजेत. कारण जन्म, मृत्यू, लग्न, लाज, भीती, एकटेपणा हे प्रश्न आपल्यालाही आहेत. त्यांवर आपण विहारात बोललो नाही, तर आपली माणसे उत्तरांसाठी कुठल्या तरी बाबाच्या सत्संगाला जाऊन बसतात. मग आपण त्यांना बावीस प्रतिज्ञांची आठवण करून देतो आणि दोष देऊन मोकळे होतो.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' घ्या. 2003 साली आलेले हे आत्मकथन आहे. नवऱ्यामागे बांबूची आयदाने विणून घर चालवणारी कोकणातली आई त्यात आहे. पण ते तिथे थांबत नाही. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या आणि चळवळीत उतरलेल्या बाईला तिच्याच घरात काय सोसावे लागते, हेही लेखिकेने आडपडदा न ठेवता लिहिले आहे. याच उर्मिला पवारांनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ लिहून बाबासाहेबांच्या चळवळीतल्या स्त्रिया उजेडात आणल्या. स्टेजवर समतेवर तासभर बोलणारा आपला कार्यकर्ता रात्री घरी गेल्यावर ताट कोणाकडे मागतो, हा प्रश्न 'आयदान'वर बोलताना टाळता येणार नाही. म्हणूनच कदाचित आपण त्यावर बोलत नाही!

याच पुस्तकात तरुण मुलाच्या मृत्यूचे दुःखही आहे. आपल्याकडे घरात कोणी गेले की जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. बौद्धाचार्य विधी करतात, मग पुढाऱ्यांची आदरांजलीपर भाषणे होतात. ज्या आईचे लेकरू गेले ती कोपऱ्यात मुकी बसलेली असते. 'अनित्य' हा शब्द तिच्यापुढे दहा वेळा उच्चारला जातो, पण तिला बोलते कोणी करत नाही. किसा गोतमीला तथागतांनी उपदेश ऐकवून परत पाठवले नव्हते. मोहरी आणायला दारोदार पाठवले आणि दुसऱ्यांच्या घरातले दुःख तिच्या कानी पडू दिले. एका आईने लिहिलेले दुःख दहा आयांनी एकत्र बसून वाचले, तर त्या दारोदार फिरण्याचेच काम होईल.

दुसरे पुस्तक याशिका दत्त यांचे. 'कमिंग आउट अ‍ॅज दलित' हे मूळ इंग्रजी पुस्तक 2019 साली आले. राजस्थानातल्या अजमेरची ही मुलगी जात लपवून वाढली, शिकली, पत्रकार झाली. बाबासाहेब जिथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठात गेली. 17 जानेवारी 2016 रोजी रोहित वेमुलाने जीवन संपवले आणि त्यानंतर तिने आपली जात जाहीर केली. तिची गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. आडनाव बदलणे, कामावरचा मित्र घरी येणार म्हणून बैठकीतला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत हलवणे, भाड्याच्या घरासाठी खोटे बोलणे, हे आपण सारे जाणतो. संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. अपमान करणाऱ्याला 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने शिक्षा होऊ शकते. पण मनात घर करून बसलेल्या लाजेवर कोणतेही कलम लागत नाही. ती बोलूनच जाते. लपवणाऱ्या मुलाला 'समाजद्रोही' म्हणून आपण त्याला आणखी दूर लोटायचे, की त्याची भीती ऐकून घ्यायची?

काही कार्यकर्ते म्हणतील, अन्याय-अत्याचार चालू असताना पुस्तकांवर गप्पा कसल्या मारता? त्यांनी आपलाच इतिहास आठवावा. 1972 साली दलित पँथर उभी करणारे नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे लिहिणारे आणि वाचणारे तरुण होते. तेव्हाच्या औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने लेखकांची एक पिढी घडवली. आधी शब्दांवर वाद झाले, मग रस्त्यावर लढे झाले. आज आपल्या बैठकांत कोणाचा गट मोठा आणि कोणी कोणाला तिकीट दिले, यापलीकडे चर्चा जात नाही. तरुण विहाराकडे फिरकत नाहीत ते उगाच नव्हे.

याला फार पैसा लागत नाही. दर पौर्णिमेला एक पुस्तक घ्यावे, त्यातली पंधरा-वीस पाने मोठ्याने वाचावीत आणि मग गोल बसून बोलावे. स्टेज नको, हार-शाल नको, अध्यक्षीय भाषण तर नकोच. पहिल्यांदा महिलांनी बोलावे, पुढाऱ्यांनी शेवटी. पुस्तक इंग्रजीत असेल तर कॉलेजातल्या पोरापोरींनी ते आपल्या आईबापांना मराठीत समजावून सांगावे. त्यामुळे आईबापांना मुलांचे जग कळेल आणि मुलांना विहारात काम मिळेल. मतभेद होतील, होऊ द्यावेत. लेखकाचे चुकले असे वाटले तर तेही सांगावे.

येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने निदान तीन पौर्णिमा अशा कराव्यात. प्रतिमेशेजारची ती पुस्तके खाली काढा, त्यांच्यावरची धूळ झटका आणि त्यांना प्रश्न विचारा. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेला विचार करणारा समाज असाच घडेल.

जयभीम!