पाटी दुसऱ्याची, भांडवल आपले

सेवानिवृत्त शिक्षकाच्या हाती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पडते, पदवीधर मुलगा घरीच बसलेला असतो, आणि नेमक्या याच सुमारास एखाद्या प्रसिद्ध नावाच्या चहाच्या दुकानाची वा शिकवणी वर्गाची शाखा देण्याची जाहिरात नजरेस पडते. कोडोलीसारख्या बाजारपेठेच्या गावात हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. नाव कंपनीचे, माल आणि पद्धतही कंपनीची; गाळा, भांडवल आणि जोखीम मात्र घेणाऱ्याची. यालाच फ्रँचाइझी म्हणतात.

कोडोलीकरांना एकत्र भांडवल उभारून चालविलेल्या धंद्याची ओळख जुनी आहे. शेजारच्या वारणानगरात तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी संस्थांचा कारभार त्यांनी जवळून पाहिला. सहकारात सभासदाला एक मत असते आणि वार्षिक सभेत उठून हिशेब विचारण्याचा अधिकार असतो. (तो किती जण बजावतात, हा प्रश्न निराळा.) फ्रँचाइझी घेणारा सभासदाच्या भागापेक्षा कितीतरी मोठी रक्कम गुंतवतो, पण त्याला ना मत, ना सभा. त्याचे हक्क काय ते एका करारपत्रात असतात आणि ते करारपत्र दुसऱ्या पक्षाने लिहिलेले असते.

भारतात फ्रँचाइझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच मुख्यतः काम भागवावे लागते. अमेरिकेत १९७९ पासून फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू आहे. त्यान्वये सही होण्यापूर्वी वा पैसे स्वीकारण्यापूर्वी किमान १४ दिवस आधी कंपनीने माहितीपत्रक द्यावयाचे असते. कंपनीवरील खटले, सुरुवातीचा अंदाजे खर्च, बंद पडलेल्या शाखा हे सारे त्यात आले. आपल्याकडे असे बंधन नाही. करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे खोटे सांगणे ही फसवणूक होय. परंतु बोलण्याचे कर्तव्य नसेल तर नुसते मौन ही फसवणूक ठरत नाही. दहा शाखा बंद पडल्याचे कंपनीने सांगितलेच नाही, तर गुंतवणूकदार कोणत्या तोंडाने न्यायालयात जाणार? खरी उणीव आहे ती येथे.

कित्येकदा तर समोर कंपनीच नसते. अमूलच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून वितरकी देण्याच्या मिषाने पैसे उकळले जात असल्याचे प्रकरण २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आले होते. दुधाच्या धंद्याची जाण असलेल्या वारणा खोऱ्यातही असे जाळे पसरणे अशक्य नाही.

करार चालू असताना दुसऱ्या कंपनीचा तोच धंदा करू नये, ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या गुजरात बॉटलिंग व कोका कोला यांच्या खटल्यात वैध मानली. करार संपल्यावरही तसाच धंदा करावयाचा नाही, ही अट मात्र कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. तरीही ती छापली जाते आणि वाचणारा घाबरतो.

वादाच्या जागेचे कलम त्याहून जाचक. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. अनेक दशकांच्या मागणीनंतर न्याय जिल्ह्याच्या दाराशी आला. पण करारात लवादाचे स्थान दिल्ली वा बंगळूर लिहिले असेल, तर कोडोलीच्या दुकानदाराला त्याचा काय उपयोग? मॅकडोनाल्डचे उत्तर भारतातील भागीदार विक्रम बक्षी यांचा कंपनीशी वाद २०१३ पासून २०१९ पर्यंत चालला. त्यांच्यापाशी लढण्याचे बळ होते. निवृत्तीच्या पुंजीवर सहा वर्षे वकील पोसता येत नाहीत.

सही करण्यापूर्वी माहितीपत्रक देणे संसदेने बंधनकारक करावयास हवे. तोपर्यंत घेणाऱ्याने कंपनीने दाखविलेल्या चालत्या दुकानापेक्षा बंद पडलेल्या शाखेच्या जुन्या मालकाला गाठावे. टोकन रक्कम देण्याआधी, नंतर नव्हे, करारपत्र कोल्हापुरातील आपल्या वकिलाला दाखवावे. करारपत्र घरी नेण्यास कंपनीचा माणूस नकार देत असेल, तर तेथूनच परत फिरावे.