ऐकण्याची शर्यत

शर्यत म्हटली की धावणारे पाय डोळ्यांपुढे येतात. पण कानांनी जिंकायचीही एक शर्यत आहे. सरकारी परवाना घेऊन हौसेने बिनतारी यंत्र चालवणारे लोक जगभर आहेत. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही त्यांची मोठी स्पर्धा. ती ऑक्टोबरअखेर बोलून, तर नोव्हेंबरअखेर मोर्सच्या कडकट्ट संकेतांनी खेळतात. ४८ तासांत जास्तीत जास्त देशांतील केंद्रांशी संपर्क साधायचा आणि प्रत्येकाचे संकेतनाम अचूक टिपायचे.

“हाती मोबाइल असताना ही खटपट कशाला?” असे कोणी विचारील. मला तर या खेळाचा नियमच मोलाचा वाटतो. स्पर्धेनंतर दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहतात. संकेतनामातले एक अक्षर चुकले, तरी तो संपर्क बाद होतो. शिवाय दंड म्हणून आणखी गुण कापले जातात. म्हणजे नुसत्या घाईला येथे यश नाही. खरखरीतून येणारा क्षीण आवाज ज्याला नेमका कळतो, तोच पुढे जातो.

ही सवय स्पर्धेपुरतीच राहत नाही. डिसेंबर २००४ मध्ये काही भारतीय हौशी चालक याच छंदापायी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले. तेव्हा त्यांनी खेळ बाजूला ठेवून अडकलेल्यांचे निरोप नातलगांपर्यंत पोहोचवले. अशा वेळी एखादे नाव चुकीचे ऐकले गेले, तर केवढा अनर्थ!

बोलायला आपण लहानपणीच शिकतो. नीट ऐकायला मात्र जन्मभर शिकावे लागते. ते शिकवणारा खेळ निरुपयोगी कसा म्हणावा?